सिगारेट सोडली, पण वाचलेले पैसे कुठायत?

पोवईनाका · रविवार, रात्री ९:४२

मंडळी नमस्कार. तीन वर्षं इथं वाचनमात्र होतो. आज घरात वाद झाला म्हणून लिहायला बसलोय.

सिगारेट सोडून मला सात महिने झाले. रोजच्या आठ असायच्या. टपरीवर एक १८ रुपयाला, म्हणजे दिवसाचे १४४. दोनशे दहा दिवस धरले तर ३०,२४० रुपये. हा हिशोब मी आज जेवताना मोठ्या तोऱ्यात बायकोला सांगितला. तिनं तव्यावरची भाकरी काढली, माझ्या ताटात टाकली आणि एवढंच विचारलं, "बरं. कुठायत?"

जेवण अर्धं ठेवून मोबाईलवर खातं बघितलं. महिन्याच्या शेवटी जेवढे असायचे तेवढेच आहेत. चार हजार शंभर आणि वर काही पैसे. म्हणजे सिगारेट ओढत होतो तेव्हाही एवढेच उरायचे आणि आता सोडली तरी एवढेच.

तर ज्यांनी सोडली त्यांनी त्या पैशाचं काय केलं, आणि जे सोडायच्या बेतात आहेत त्यांनी काय ठरवलंय, हे सांगा. माझ्या डोक्यात गियरची सायकल आहे. बायकोच्या डोक्यात घरघंटी आहे. पोरगी सातवीत आहे, ती म्हणते काहीही घ्या पण आधी पैसे दाखवा.

भडंगप्रेमी · रविवार, रात्री ९:५५

वहिनींनी एका शब्दात धागा संपवला की.

गणितमास्तर · रविवार, रात्री १०:२०

हिशोब चुकलाय तुमचा. कमी धरलाय.

सिगारेट कधी कोरडी ओढली जाते का? आठातल्या चार तरी चहाबरोबर असणार. कटिंग दहा रुपये धरला तरी दिवसाचे चाळीस. दोनशे दहा दिवसांचे ८,४०० झाले. म्हणजे ३८,६४०. शिवाय मित्राला दिलेली एक, हरवलेले लायटर, वास जावा म्हणून घेतलेल्या पेपरमिंटच्या गोळ्या हे मी धरतच नाही.

आता पुढचं. दिवसाचे १४४ म्हणजे महिन्याचे ४,३२०. पोस्टात पाच वर्षांचं आवर्ती ठेव खातं उघडा. सध्याच्या ६.७ टक्क्यांनी तुमचे भरलेले २,५९,२०० होतील आणि हातात ३ लाख ८ हजारांच्या आसपास येतील. पगार झाल्याच्या दुसऱ्या दिवशी पैसे आपोआप कापले जातील असं करा. शिल्लक उरेल आणि मग टाकू, असं म्हणणाऱ्याची शिल्लक मी तरी आजवर बघितलेली नाही. आणि दरवर्षी सिगारेटचा भाव वाढला की आपली बचतही तेवढ्यानं वाढवायची. ओढत असता तर दिलेच असते ना वाढीव?

पोवईनाका · रविवार, रात्री १०:३१

मास्तर, ते चहाचं बायकोला कळता कामा नये. ती ३०,२४० वरच थांबलीय.

नाना_पेन्शनर · सोमवार, सकाळी ६:१०

स्पष्ट बोलतो, राग मानू नका. हे "वाचलेले पैसे" वगैरे सगळं थोतांड आहे. मी आयुष्यात विडी-सिगारेटला हात लावला नाही. पस्तीस वर्षं सरकारी नोकरी केली. तुमच्या मास्तरांच्या हिशोबानं माझ्याकडं आज सदाशिव पेठेत वाडा पाहिजे होता. तसं काही नाही. जो पैसा खिशात राहतो तो दुसऱ्या वाटेनं जातो. पैशासाठी सोडली असं म्हणणारा पैशासाठीच परत धरतो. छातीसाठी सोडा, पोराबाळांसाठी सोडा.

भडंगप्रेमी · सोमवार, सकाळी ८:०२

नाना, सदाशिव पेठ पुण्यातली का साताऱ्यातली?

नाना_पेन्शनर · सोमवार, सकाळी ८:१५

साताऱ्यातली. पुण्यातल्या वाड्यासाठी सिगारेट सोडून भागत नाही, सिगारेटचा कारखानाच काढावा लागेल.

आयर्विन · सोमवार, सकाळी ९:३०

नाना म्हणतात ते अर्धं पटतं. माझा अनुभव सांगतो, जरा लांबण लागेल.

मी सांगलीत गावभागात राहतो. ऑगस्ट २०१९ चा पूर. आयर्विन पुलाजवळ पाणी ५७ फुटांच्या वर गेलेलं. आम्ही वरच्या मजल्यावर अडकलो. मी, आई, बायको, दोन पोरं आणि शेजारची म्हातारी. माझ्याकडं एक पाकीट होतं, त्यात सहा. पहिल्या रात्रीच संपल्या. खाली टपरी कुठली, टपरीचं छप्परसुद्धा दिसत नव्हतं. दुसऱ्या दिवशी मी आईवर ओरडलो, का तर तिनं मेणबत्ती लवकर विझवली. तिसऱ्या दिवशी डोकं असं ठणकत होतं की पाण्यात उडी मारून पोहत मार्केट यार्ड गाठावं असं वाटत होतं. चौथ्या दिवशी बोट आली. बोटीतल्या पोरानं बिस्किटं दिली आणि माझं तोंड बघून स्वतःची सिगारेट पुढं केली. मी हात पुढं केला आणि कसं कोण जाणे, मागं घेतला. चार दिवस काढलेच आहेत तर अजून एक काढू, एवढंच डोक्यात होतं.

आता पैशाचं. पाणी ओसरल्यावर खालच्या मजल्यावर गुडघाभर गाळ. फ्रीज, आईचं शिलाई मशीन, गाद्या, पोरांची पुस्तकं, सगळं गेलं. फ्रीज हप्त्यानं घेतला. हप्ता बसला महिन्याला साधारण माझ्या सिगारेटच्या खर्चाएवढा. म्हणून मला पक्कं माहीत आहे की माझा पैसा कुठं गेला. त्यात भाजी ठेवतो आम्ही. २०२१ ला परत पाणी आलं तेव्हा सगळ्यात आधी तो फ्रीज चौघांनी मिळून वर चढवला. बायको म्हणाली, हे तुमचं पाकीट जपून न्या.

चारभिंती · सोमवार, सकाळी ९:४८

"हे तुमचं पाकीट" __/\__

हळदीचं_पेव · सोमवार, सकाळी ११:०५

धाग्यातल्या सगळ्या पुरुषांना एक विचारते. "माझे वाचलेले पैसे" म्हणजे काय? ओढत होता तेव्हा ते घराचेच होते ना? घराच्या पैशातून तुम्ही धूर काढला आणि आता तो काढत नाही म्हणून स्वतःला सायकल बक्षीस! आमच्या घरातलं गॅस सिलिंडर पंचवीस दिवसांऐवजी तीस दिवस पुरवलं तर मला कोणी पैठणी देत नाही.

पोवईनाका, घरघंटी घ्या आणि गप्प बसा.

इस्लामपूरकर · सोमवार, सकाळी ११:२०

ताई, जरा दमानं. व्यसन सोडणं म्हणजे सिलिंडर पुरवणं नव्हं. त्या माणसानं सात महिने स्वतःशी कुस्ती केलीय. त्याला त्यातलं काही स्वतःसाठी पाहिजे असंल तर चुकलं कुठं? उलट काहीतरी डोळ्यासमोर असलं तर माणूस टिकतो.

हळदीचं_पेव · सोमवार, सकाळी ११:४१

टिकू दे की. घरघंटी डोळ्यासमोर ठेवून टिकू दे. घरघंटीचा आवाजही मोठा असतो, विसर पडणार नाही.

परत_ओढतोय · सोमवार, दुपारी १:१५

नावावरून कळलंच असेल. मी चार वर्षांत तीनदा सोडली.

दुसऱ्या वेळी अकरा महिने टिकलो आणि साठवलेल्या पैशातून सायकल घेतली. बावीस हजारांची, लाल रंगाची. महिनाभर रोज यवतेश्वरच्या पायथ्यापर्यंत जायचो. मग ऑफिसात एका संध्याकाळी बोनसवरून वाजलं, खाली उतरलो, एक घेतली. "एकच" म्हणून. पुढच्या आठवड्यात पाकीट.

आता ती सायकल गॅलरीत आहे. हँडलला टॉवेल, सीटवर पायपुसणी. दिवसा कपडे वाळत घालतो आणि रात्री तिच्या शेजारी उभा राहून ओढतो. पोवईनाका, तुम्हाला सायकल नको असं म्हणत नाही. वस्तू घेतली की आपण जिंकलो असं वाटायला लागतं, आणि मला तिथंच फटका बसला.

वॉर्डातली_ताई · सोमवार, दुपारी २:५०

@परत_ओढतोय, तीनदा सोडली म्हणजे तीनदा जमलं, असं मी आमच्या रुग्णांना सांगते. बहुतेकांची पहिल्या फटक्यात सुटत नाही. मी नर्स आहे, हे रोज बघते.

तुमच्या "एकच"बद्दल. तलफ साधारण पाच-दहा मिनिटांची असते. तेवढा वेळ पाणी प्या, जिना उतरा, कुणाला फोन लावा, पण टपरीच्या दिशेनं चालू नका. पहिले तीन दिवस सगळ्यात वाईट, आयर्विन यांनी पुरात जे भोगलं ते अगदी तेच. चिडचिड, डोकेदुखी, झोप न लागणं, बद्धकोष्ठ. पुढं दोन-चार आठवड्यांत उतरतं. सोडल्यावर बारा तासांत रक्तातला कार्बन मोनॉक्साईड नेहमीच्या पातळीवर येतो, आणि वर्षभरात हृदयविकाराचा वाढीव धोका निम्म्यावर. खोकला मात्र सुरुवातीला वाढल्यासारखा वाटतो, त्याला घाबरून परत ओढू नका.

पाकिटावरच १८००-११-२३५६ हा नंबर छापलेला असतो. फुकट आहे. लोक पाकीट हातात धरून आम्हाला विचारतात, नंबर कुठं मिळेल.

पोवईनाका · सोमवार, दुपारी ३:१०

ताई, खरं सांगू का, मी तो नंबर सात वर्षं डोळ्यासमोर धरून कधी वाचला नव्हता. सडका जबडा दिसू नये म्हणून पाकीट उलटं ठेवायचो.

टपरीचा_पोरगा · सोमवार, संध्याकाळी ६:३०

आमची टपरी आहे, एका कॉलेजच्या कोपऱ्यावर. शिव्या घालायच्या असतील तर आधी घालून घ्या, मग वाचा.

एक तर सिगारेटवर आम्हाला फार काही सुटत नाही. सुटतं चहात आणि बिस्किटात. सिगारेट ठेवायची ती गिऱ्हाईक थांबावं म्हणून. सुटी सिगारेट विकायला महाराष्ट्रात २०२० पासून बंदी आहे, हे मला माहीत आहे आणि इथल्या सगळ्यांनाही माहीत असेल. तरी लोक सुटीच मागतात. १८ रुपये कुणालाच जड वाटत नाहीत. पाकीट एकदम घ्यायला सांगितलं तर निम्मे लोक विचार करतील. तेच १८ रुपये दिवसातून आठदा देताना कुणी विचार करत नाही. पोवईनाका, तुमचे तीस हजार असे अठरा-अठरा रुपयांनी आले होते, म्हणून ते दिसत नाहीत. एकदम गेले असते तर एकदम परत दिसले असते.

दुसरं. आमच्याकडं उधारीची वही आहे. एक काका रोज सहा ओढायचे. दोन महिने आलेच नाहीत. वडील म्हणाले, बुडवले. एके दिवशी आले, २,३०० ची उधारी फेडली आणि म्हणाले, सोडली. मग रोज येऊन चहा प्यायला लागले. आता त्यांच्या चहावर आम्हाला पूर्वीच्या सिगारेटीपेक्षा जास्त सुटतात. वडील म्हणतात, सगळ्यांनी सोडली तर आपला फायदा आहे, फक्त चहा सोडू नका.

गणितमास्तर · सोमवार, संध्याकाळी ६:४४

हा पोरगा वाणिज्य शाखेत असेल तर त्याला माझ्याकडून पैकीच्या पैकी.

मिरजेचा_तंबोरा · सोमवार, रात्री ८:०५

मी गातो. म्हणजे गायचो, मग ओढायला लागलो, मग नुसता ऐकायचो. पन्नाशीला सोडली तेव्हा कारण पैसा नव्हता. एका मैफिलीत मागं तंबोऱ्यावर बसलो होतो. साथीला सूर भरायला गेलो आणि षड्ज चार मोजायच्या आत मोडला. बुवांनी मान वळवून बघितलं. बोलले काहीच नाहीत.

रोजच्या पाच होत्या. आजच्या भावानं दिवसाचे नव्वद, वर्षाचे ३२,८५० होतात. मिरजेत सतारमेकर गल्लीत त्याच्या आतबाहेर बरा तंबोरा मिळतो. मी वर्षभर थांबलो नाही. सोडल्याच्या दुसऱ्या महिन्यात कारागिराकडं गेलो, म्हणालो, भोपळा आत्ता निवडू, पैसे दर महिन्याला आणून देतो. ते हसले, पण कबूल झाले. मंगळवेढ्याकडचे भोपळे टांगलेले असतात, त्यातला एक मी निवडला. मग दर महिन्याच्या पाच तारखेला जायचं, पैसे द्यायचे आणि काम कुठवर आलंय ते बघायचं. दांडी लागली, घोडी बसली, खुंट्या लागल्या. महिना चुकवला असता तर माझा तंबोरा अर्धवट राहिला असता आणि रस्त्यावरून जाताना मला ते दिसलं असतं.

तयार झाल्यावर कारागिरानं जवारी लावली आणि तार छेडली. मी तिथंच बसून सा लावला. मोजला नाही किती वेळ.

चारभिंती · सोमवार, रात्री ८:२२

क्या बात है. हा धाग्यातला सर्वोत्तम प्रतिसाद.

भडंगप्रेमी · सोमवार, रात्री ८:३०

+१. मी वाचलेल्या पैशातून आत्तापर्यंत फक्त खाल्लंय. सोडल्यापासून तोंड सारखं काहीतरी मागतं. सकाळी भडंग, दुपारी भडंग, संध्याकाळी भेळ. सहा किलो वाढलो. पैसे कुठं गेले असं बायको विचारत नाही, तिला दिसतात.

खणआळी · सोमवार, रात्री ८:४१

भडंग? साताऱ्यात राहून? कंदी पेढे खा की.

भडंगप्रेमी · सोमवार, रात्री ८:४३

मी सांगलीचा आहे वो. आणि पेढा तोंडात टाकला की संपला. भडंगाला चावत बसावं लागतं, तलफ निघून जाते. शेंगदाणा, लसूण, कढीपत्ता, एकेक वेचून खायचं.

खणआळी · सोमवार, रात्री ८:५०

कंदी पेढा खरपूस भाजलेल्या खव्याचा असतो, तो सावकाश खायचा असतो. सांगलीकरांना घाई असते.

आयर्विन · सोमवार, रात्री ८:५२

आम्हाला घाई पाणी आल्यावरच असते.

गणितमास्तर · सोमवार, रात्री ८:५८

धागा सिगारेटवरून साखरेवर चाललाय. ताई ओरडतील.

वॉर्डातली_ताई · सोमवार, रात्री ९:०४

ओरडत नाही. सोडल्यावर चार-पाच किलो वजन वाढणं नेहमीचं आहे. पण सहा किलोवाल्यांनी भडंगासोबत जरा चालावं.

इस्लामपूरकर · सोमवार, रात्री ९:३०

आमची पद्धत सांगतो. आम्ही चार जण एकाच कारखान्यात. चौघांनी एकाच दिवशी सोडली आणि भिशी लावली. महिन्याला दोन हजार प्रत्येकी, आठ हजारांची चिठ्ठी निघते. नियम एकच. कुणी ओढताना सापडला तर त्याची पाळी गेली आणि वर उरलेल्या तिघांना धाब्यावर अख्खा मसूर नि रोटी.

पहिल्या दोन महिन्यांत आम्ही तीनदा अख्खा मसूर खाल्ला. एकजण तर सापडायच्या आधीच फोन करून सांगायचा, "चला, गाडी काढा." तोंडाचा वास घेऊन तपासणी व्हायची. आता दीड वर्ष झालं, कुणी सापडत नाही. खरं सांगायचं तर मसुराची आठवण येते.

पहिली चिठ्ठी मला लागली. बापाच्या डोळ्याच्या ऑपरेशनला गेली. कुणी विचारलं नाही मला की पैसे कुठायत. बापाला पेपर वाचता येतोय.

नाना_पेन्शनर · मंगळवार, सकाळी ६:०५

हे बरं आहे. पण भिशी ओळखीत असली तरी लिहून ठेवा. आमच्या कॉलनीत एकानं चिठ्ठी उचलली आणि बदली करून घेतली.

चारभिंती · मंगळवार, सकाळी ७:४०

नाना, तुमच्या कालच्या मुद्द्याकडं परत येतो. पैसा दुसऱ्या वाटेनं जातो म्हणालात. जाऊ दे ना. वाट कुठली ते महत्त्वाचं. माझे सगळे बुटांत गेले. सोडल्यावर धापा लागतात की नाही बघायला चारभिंतीपर्यंत चालत गेलो, मग अजिंक्यतारा, मग पळायला लागलो. गेल्या वर्षी सातारा हिल हाफ मॅरेथॉन पुरी केली. २१ किलोमीटर, यवतेश्वरचा घाट चढून परत. वेळ विचारू नका. भर पावसात माझ्या पुढं एक सत्तरीचे आजोबा होते आणि शेवटपर्यंत पुढंच राहिले.

पळायचे बूट सहा-सात महिन्यांत झिजतात. म्हणजे मी अजूनही पाकीट घेतोय, फक्त वर्षातून दोनदा आणि नऊ नंबरचं.

निपाणीची_लेक · मंगळवार, सकाळी १०:१५

एक वेगळी बाजू मांडते. माझं माहेर निपाणी भागातलं. १९८१ साली तिथं शेतकऱ्यांनी तंबाखूच्या भावासाठी रस्त्यावर बसून आंदोलन केलं, शरद जोशी त्याचे नेते होते. आमच्याकडं त्या दिवसांच्या गोष्टी अजून निघतात. आमच्या घराचं जोतं, माझ्या मोठ्या आत्याचं लग्न, सगळं तंबाखूवर झालं. आई वखारीत कामाला जायची. घरी यायची तेव्हा तिच्या पदराला असा वास असायचा की आम्ही शिंकायचो. खोकला तिला कायमचा. तिनं आयुष्यात एक झुरका घेतला नाही.

तुमच्या वाचलेल्या पैशाच्या गप्पा वाचताना मला एवढंच वाटलं की हा पैसा कुठून कुठं जातो ते टपरीवर दिसत नाही. सोडा, जरूर सोडा. मला वाईट वाटणार नाही. माझ्या भावानं आता तंबाखूच्या जागी ऊस लावलाय, तो वेगळी रड सांगतो.

इस्लामपूरकर · मंगळवार, सकाळी १०:४०

उसाची रड आमच्याकडं या, सुरात ऐकवतो.

हळदीचं_पेव · मंगळवार, दुपारी १२:३०

काल जरा तोडून बोलले. आज आजीची गोष्ट सांगते म्हणजे बरोबरी होईल.

आमची आजी मशेरी लावायची. दिवसातून चार वेळा. तंबाखू तव्यावर भाजायची तेव्हा सगळं घर ठसकायचं. गावात शिबिर झालं, त्यात तोंडात पांढरा चट्टा सापडला. डॉक्टर म्हणाले, आत्ता सोडली तर बरं. आजीनं त्या दिवशी तवा घासून भाकरीला घेतला. अडुसष्ट वर्षांची बाई, ना गोळी ना समुपदेशन. आठवडाभर कुणाशी बोलली नाही.

मशेरीचे दिवसाला दहा रुपये. ते ती महिन्याला तीनशे असे बचत गटात भरायला लागली. कुणी काढायला लावले तर शिव्या द्यायची. सव्वादोन वर्षांत आठ हजार झाले आणि तिनं शेळी घेतली. शेळीचं नाव ठेवलं "मशेरी". तिला दोन करडं झाली. एक विकलं, एक ठेवलं.

गणितमास्तर · मंगळवार, दुपारी १२:४४

माझी पोस्टाची ६.७ टक्क्यांची सूचना मी मागं घेतो. आजीसमोर पोस्ट टिकत नाही.

परत_ओढतोय · मंगळवार, दुपारी १:०५

शेळी गॅलरीत राहील का?

भडंगप्रेमी · मंगळवार, दुपारी १:०७

राहील. सायकलवरचे टॉवेल खाईल.

पोवईनाका · मंगळवार, रात्री १०:१५

सगळ्यांचं वाचलं. आज संध्याकाळी मी आणि बायको बसलो आणि या सात महिन्यांचे आणि त्याआधीचे मोबाईलवरचे व्यवहार एकेक करून काढले. टपरीच्या पोरग्यानं बरोबर ओळखलं होतं. आधीच्या महिन्यांत दिवसाला चार-पाच वेळा १८, ३६, २८, ४६ अशा नोंदी आहेत. एका तारखेनंतर त्या एकदम बंद. ती तारीख बघून दोघंही जरा गप्प झालो.

त्यानंतर काय सुरू झालं ते मजेशीर आहे. दर शनिवारी मिसळ, तिघांची. पूर्वी शनिवारी मी मित्रांबरोबर नाक्यावर असायचो. पोरीच्या चित्रकलेच्या क्लासची फी जुलैपासून माझ्या खात्यातून गेलीय, मला वाटत होतं बायको भरते. तिला वाटत होतं मी मुद्दाम भरतोय. आईच्या गुडघ्याची औषधं. कासची एक सहल, फुलांच्या दिवसांतली, पेट्रोल धरून. दातांची सफाई एकदा. आणि पेढे. खणआळी, तुमच्या गल्लीतच गेलेत, बरेच.

बेरीज केली तर २७ हजारांच्या वर भरली. तीन हजारांचा पत्ता लागत नाही. बायको म्हणाली, ते चहाचे असतील. म्हणजे तिला चहाचं माहीत होतं! मास्तर, तुमचा प्रतिसाद तिनं माझ्या आधी वाचलाय.

हळदीचं_पेव · मंगळवार, रात्री १०:२२

वहिनी इथं येतात तर त्यांनाच लिहू दे की. आणि पुढं काय ठरलं? घरघंटी की सायकल?

पोवईनाका · मंगळवार, रात्री १०:४०

तंबोरेवाल्यांची पद्धत घ्यायची ठरली, म्हणजे पैसा डोळ्याला दिसला पाहिजे. ओट्यावर स्टीलचा डबा ठेवलाय. रोज संध्याकाळी मी त्यात १४४ रुपये रोख टाकायचे, पोरगी वहीत लिहिणार. आधी घरघंटी. ती आली की डबा परत रिकामा आणि मग सायकल. @परत_ओढतोय, सायकलीचा नंबर मुद्दाम मागं ठेवलाय, तुमच्यामुळं.

पण पहिल्याच दिवशी अडलं. रोजचे १४४ सुटे आणायचे कुठून? सगळे स्कॅन करतात, खिशात नाणं नसतं. किराणावाला म्हणाला, माझ्याकडंच नाहीत. दूधवाल्याकडं नाहीत. शेवटी सुटे फक्त एका जागी मिळाले.

वॉर्डातली_ताई · मंगळवार, रात्री १०:४३

टपरीवर गेलात???

पोवईनाका · मंगळवार, रात्री १०:४९

गेलो. सात महिन्यांनी. त्यानं न विचारता पाकिटाकडं हात नेला, सवयीनं. मी म्हणालो, दोनशेचे सुटे दे. त्यानं दिले आणि म्हणाला, "साहेब, रोज लागणार असतील तर काढून ठेवत जाईन."

हळदीचं_पेव · मंगळवार, रात्री १०:५१

रोज दीडशेच टाका हो! वरचे सहा दंड समजा. टपरीकडं फिरकायचं नाही.

टपरीचा_पोरगा · मंगळवार, रात्री १०:५८

चहा तरी घेतलात का?

पोवईनाका · मंगळवार, रात्री ११:०२

बायको वाचतेय. उद्या सांगतो.